परमिटची नक्कल

आयटी पार्कातल्या ऑफिसात कामिनी सकाळपासून सारखी उठून पाणी पिऊन येत होती. तहान तिला मुळीच लागली नव्हती. ज्या भाषेत ती प्रोग्राम लिहायची तिची नवी आवृत्ती आली होती, आणि तिच्यातली एक सूचना तिला खुर्चीवर टिकू देत नव्हती.

गोष्ट तशी साधी. काही वस्तूंची नक्कल करायची नसते. त्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि दिल्यावर पहिला हात रिकामा होतो. प्रोग्राम लिहिणारे त्यांना मूव्ह-ओन्ली टाइप म्हणतात. भाषेसोबत तयार अवजारांची एक पेटी मिळते, ती स्टँडर्ड लायब्ररी. या पेटीला इतके दिवस असल्या वस्तू धड हाताळता येत नव्हत्या. त्यांची यादी क्रमाने लाव म्हटलं, की ती आधी नक्कल मागायची. आता ती सुधारली होती. सूचनेत लिहिलं होतं, की ज्यांनी यादीसाठी नक्कल करायची सोय स्वतः लिहिली असेल, त्यांनी ती काढून टाकावी.

कामिनीने लिहिली होती. बुटीबोरीच्या एका कारखान्यासाठी तिने परमिटचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. यंत्राच्या पोटात शिरून काम करणाऱ्याच्या नावाने परमिट निघतं, आणि ते उघडं असेपर्यंत बटण दाबलं तरी यंत्र हलत नाही. असं परमिट एकच हवं, म्हणून तिने ते मोठ्या ऐटीत मूव्ह-ओन्ली केलं. मग परमिटं स्क्रीनवर क्रमाने दाखवायची वेळ आली, लायब्ररी अडून बसली, आणि बाईंनी वेळ मारून न्यायला नक्कल करायची सोय लिहून टाकली. फक्त दाखवण्यापुरती, असं स्वतःला बजावलंही. दाखवण्यापुरत्या म्हणून आणलेल्या वस्तू कधी दाखवण्यापुरत्या राहतात का?

तिने ती सोय पुसली. यादी निमूट चालली. पण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर भलत्याच ठिकाणी लाल झाला, पाळी बदलायच्या पानावर. ते पान शेजारी बसणाऱ्या सौरवने लिहिलं होतं.

"सौरव, इथं नक्कल काहून वापरली?"

"तयार होती नं." सौरवने खुर्ची फिरवली. "परमिट एका पाळीवाल्याकडून दुसऱ्याले द्याचं होतं. कंपायलर भांडून राहिला होता. तुमची सोय लावली, गप बसला."

कामिनीने ते पान वाचून काढलं. म्हणजे परमिट या हातातून त्या हातात जातच नव्हतं. येणाऱ्याला नक्कल मिळत होती आणि यंत्राचं लॉक ज्याला बांधलेलं, ते मूळ जाणाऱ्याकडेच राहत होतं. जाणाऱ्याने घरी निघताना सवयीने 'काम संपलं' दाबलं, की यंत्र मोकळं. आत माणूस असला तरी मोकळं.

सॉफ्टवेअर सोमवारपासून कारखान्यात चालू होतं. पाळी नुकतीच बदलली होती. दुसऱ्या पाळीत तिचा धाकटा भाऊ आयुष फिटर होता, आणि सकाळी ती घरून निघताना तो म्हणाला होता, आज मोठ्या पंख्याच्या आत काम आहे.

त्याचा फोन लागेना. लागणार कसा, तिथे फोन गेटवरच जमा करून घेतात. तेवढ्यात तिचे साहेब, पुष्कर, गडबड ऐकून आले.

"थेट फोन नको करायला," ते म्हणाले. "आधी मेल टाकू. शब्द जपून. नाहीतर क्लायंट हातचा जाईल."

कामिनीला त्यांचा भयंकर राग आला. ती खिडकीशी गेली आणि कारखान्याच्या कंट्रोल रूमचा नंबर लावला. पाळीचे इंचार्ज रुपराव यांनी उचलला.

"पंखा चालू करू नका," ती म्हणाली.

"कोण बोलून राहिलं?"

"कामिनी गजभिये. परमिटचं सॉफ्टवेअर मी लिहिलं."

"मंग तुमाले तं दिसतच असंन. परमिट बंद झालं, लॉक निघालं. आमी चालूच करून राहिलो."

"आत माणसं हायेत, काका. स्क्रीनवर चुकीचं दिसून राहिलं. मेन स्विच पाडा आधी."

रुपरावांनी फोन टेबलावर टाकला. मग नुसतं ओरडणं ऐकू आलं, धावणारे बूट, लोखंडी दार. कामिनी खिडकीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून खिडकीपर्यंत चकरा मारत राहिली. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. पुष्कर बाजूला उभे होते, पण मेलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"ताई?"

आयुषचा आवाज. कामिनी फोन कानाशी धरूनच आपल्या खुर्चीकडे आली.

"मले काहून बाहेर काढलं वं? काम अर्धंच झालं."

"लागलं तं नाही नं गा?"

"काय लागन? काका म्हणून राहिले, सॉफ्टवेअरमंधी कोणाची तरी चूक झाली."

"माझी," ती म्हणाली.

सोमवारपासून आयुष कारखान्यात भेटेल त्याला सांगत सुटला होता, की हे माझ्या ताईनं बनवलंय.

"सुधारली का आता?" त्याने विचारलं.

तिने मान वळवून पाहिलं. सौरवने तेवढ्यात पान नव्याने लिहून कारखान्याकडे धाडलं होतं. नक्कल कुठेच उरली नव्हती. परमिट आता खरोखरच या हातातून त्या हातात जात होतं.

"सुधारली."

"मंग जाऊ का आत?"

स्क्रीनवर एकही लाल ओळ नव्हती. लायब्ररी कुठे अडत नव्हती. कामिनीने सगळं पुन्हा वरून खाली वाचलं, त्यात खोट सापडली नाही, तरी 'जा' म्हणायला तिची जीभ रेटेना.

"सांग नं, ताई," आयुष म्हणाला. "तू म्हणशील तं जातो."