रॉकी, अल्मा आणि थोरली जाऊ

धाकटी वर्षभर थोरल्या जावेवर दात धरून होती.

गेल्या वर्षी ऐन निकालाच्या दिवशी परीक्षा मंडळाची वेबसाइट कोसळली. तेव्हा मंडळाची सल्लागार असलेल्या थोरलीने साहेबांसमोर खापर फोडलं ते मंडळाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या धाकटीच्या डोक्यावर: हिने सर्व्हर चालवायला रॉकी लिनक्स ही प्रणाली घातली, अल्मा लिनक्स घालायला हवी होती. वास्तविक दोन्ही एकाच साच्यातली भावंडं. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. डिस्क गच्च भरली होती ती सर्व्हर स्वतःच्या कामाच्या ज्या नोंदी लिहीत राहतो त्यांनी, आणि त्या नोंदींचा नळ उघडा सोडून गेली होती थोरलीच. पण थोरलीचा आवाज मोठा. धाकटीचा सर्व्हर गेला आणि वाट्याला जुन्या कीबोर्डांची खोली आली. घरी थोरली ही कथा पाहुण्यांना वाढता वाढता सांगे, तीही धाकटीच्या हातात पाण्याचा तांब्या असताना.

यंदा निकालाआधी साहेबांनी रॉकी आणि अल्माची तुलना मागितली; यंत्रं मांडायचं काम धाकटीला, मत द्यायचं थोरलीला. धाकटीने दोन सर्व्हर उभे केले, एकावर रॉकी, दुसऱ्यावर अल्मा, बाकी सगळं तंतोतंत सारखं. फक्त आत शिरताना पडद्यावर स्वागताची जी ओळ येते, तिची तेवढी अदलाबदल केली. ही ओळ म्हणजे दारावरची पाटी, कुणीही रंगवावी. जाणता माणूस यंत्रालाच कूळ विचारतो. त्याला एक छोटी आज्ञा पुरते. थोरली मात्र पाटी वाचून मत देते, हे एका घरात राहून धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

थोरली आली, दोन्हींत शिरली आणि खुर्चीत रेलली. अल्मा कसं चपळ, रॉकी कसं जड, हे तिने साहेबांचा चहा निवेपर्यंत ऐकवलं. शेवटी दुसऱ्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "आत पाऊल टाकताच कळतं साहेब, हे बोजड आहे."

"मॅडम, एकदा त्यालाच विचारू या का, बाबा तू कोण?" धाकटी म्हणाली आणि तिने आज्ञा दिली.

बोजड यंत्र म्हणालं, अल्मा. चपळ म्हणालं, रॉकी. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाट्या कुणी बदलल्या, असं थोरलीने विचारलं.

"मीच. पण तुम्हाला पाऊल टाकताच कळतं ना, मग पाटीचं काय एवढं?"

त्यावर साहेबांनी आपण होऊन गेल्या वर्षीच्या भरलेल्या डिस्कचा विषय काढला, आणि थोरलीला एकाएकी दुसरी मीटिंग आठवली.

सर्व्हर धाकटीकडे परत आला. निकाल तिने अल्मावरच लावला. जाऊबाईंचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? निकाल सुरळीत लागलाही. स्वागताची ओळ मात्र तिने नव्याने लिहिली. सल्लागाराला दर महिन्याला आत शिरावंच लागतं, आणि दर महिन्याला थोरलीच्या पडद्यावर सगळ्यात आधी उमटतं: आत पाऊल टाकताच कळतं, हे बोजड आहे. खाली थोरलीचंच नाव, हुद्द्यासकट.