मीटरची पिन टेकवायला जागा

शेतातला पंप घरून, फोनवरून चालू-बंद करणारा रश्मीनं बनवलेला बोर्ड काडेपेटीएवढा होता, आणि त्याचा तिला तोरा केवढा! पण तीन महिन्यांत पंचवीस बोर्ड मरून अमरावतीच्या कारखान्यात परत आले. मालकीण साधनाताईंनी मग सरळच सुनावलं, "सोमवारपर्यंत दोष शोध. नाहीतर तुझा बोर्ड बंद, आपण बाहेरून तयार आणू."

झालं! पोरीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं नवे बोर्ड टेबलावर दिवसभर चालवले, तापवले, पण एक मरेल तर शपथ. शेवटी तिनं बार्शीटाकळी गाठली. सगळ्यांत जास्त मेलेले बोर्ड तिथून, देवमनकाकांकडून आले होते. काका तीस वर्षांपासून पंपांचे स्टार्टर दुरुस्त करत होते.

काका तिला थेट एका बंद पडलेल्या पंपावर घेऊन गेले. स्टार्टरची पेटी खांबावर, चांगली डोक्याच्या वर, आणि बोर्ड तिच्या आत.

"तूच तपास," काका म्हणाले. "तुयाच त बोर्ड हाय."

रश्मी दगडावर चढली. ऊन डोळ्यांत, वाऱ्यानं पेटीचं झाकण हातावर आपटतंय, आणि बोर्डावरच्या चिपचे पाय असे बारीक की एका ज्वारीच्या दाण्याखाली चार झाकतील. बारा व्होल्ट येतात का, एवढंच बघायचं होतं. मीटरची पिन टेकवली, घसरली, शेजारच्या पायाला भिडली. टक्! बोर्डावरचा दिवा विझला तो विझलाच.

"अगं बाई!"

काकांनी पेटीत हात घालून एक ढिली वायर दाखवली. पंप तिच्यामुळे अडला होता. बोर्ड आत्तापर्यंत धडधाकट होता, तपासतानाच मेला.

काका हसले नाहीत. बांधावर बसले.

"मले वाटे, वयानं माया हात थरथरून राहिला," ते म्हणाले. "नऊ बोर्ड असेच गेले मायाकडून. आधीच मेलेले होते, असं सांगतलं लोकायले. घरीबी नाई बोललो. म्हटलं, आता दुकान बंद करा लागते."

रश्मीनं साधनाताईंना फोन लावला. 'मेकॅनिक बोर्ड जाळतात', एवढं म्हटलं असतं तरी तिचा लाडका बोर्ड वाचला असता, आणि ते खोटंही नव्हतं. काका खाली मान घालून ऐकत होते.

"ताई, दोष सापडला. माझाच आहे. तपासायला जागाच ठेवली नाही मी. बोर्ड दोन बोटं मोठा करते. काठावर टिकलीएवढे तांब्याचे ठिपके देते, लांब लांब. पिन तिथंच टेकवायची. आणि कुठं किती व्होल्ट हवेत, ते शेजारी मराठीत लिहिते."

साधनाताईंचा आवाज काकांनाही ऐकू आला, "आणि तोही मेला तर?"

काकांनी हात पुढे केला. "आण इकडे फोन."

फोन कानाला लावून ते उभे राहिले. "बाई, मी देवमन बोलून राहिलो. तुमचे नऊ बोर्ड म्याच मारले. आता हे पोरगी नवा बनवते, तो पयले मायाच हाती द्या."