फाटकावरचा मामा

त्या वर्षी शाळेने सुरक्षिततेचा ध्यासच घेतला होता. भिंतीवर सहा कॅमेरे लागले. फाटकाशी एक यंत्र आलं, त्याच्यापुढे पालकांनी कार्ड धरलं की ते ‘टुंई’ असा आवाज करायचं. निळ्या गणवेशातल्या गेटमनला वॉकीटॉकी मिळाला. त्याचा जोडीदार वॉकीटॉकी मुख्याध्यापिकेच्या खणात कुलूपबंद होता, त्यामुळे गेटमन दिवसभर बोलायचा आणि ऐकायला कुणी नसायचं. तरी तो बोलायचा मात्र मोठ्या रुबाबात.

या सगळ्या व्यवस्थेने वर्षभरात एकाच व्यक्तीला नेमाने अडवलं होतं, ती म्हणजे आत्या.

आत्या शाळेमागच्या गल्लीतल्या कोर्टात टायपिस्ट होती. बावीस वर्षं साक्षीदारांचे जबाब लिहून घेत आलेली. दुपारच्या सुट्टीत ती धापा टाकत यायची, सात वर्षांच्या भाचीला घ्यायची आणि तिला टायपिंगच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून पुन्हा कामाला लागायची. भाचीला सगळे खारू म्हणत, कारण तिच्या गालात सदानकदा काहीतरी कोंबलेलं असे. खारूचे आईबाप दोघंही नोकरीत. आई, म्हणजे आत्याची वहिनी, सरकारी दवाखान्यात नर्स. बाप लिफ्ट-तपासनीस.

आणि त्या वेळी घरातली खरी डोकेदुखी ही लिफ्टच होती. एका नव्याकोऱ्या उंच इमारतीची लिफ्ट भावाने तपासली, ‘ताबडतोब बंद करा’ असं लेखी कळवलं आणि बिल्डरने तो कागद खुशाल दडपून ठेवला. पंधरा दिवसांनी लिफ्ट अकराव्या मजल्यावरून खाली आली. चार माणसं गेली. गुरुवारी भावाची साक्ष होती. त्याआधीच्या आठवड्यात घरी दोनदा फोन आला आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू आला.

“राँग नंबर असेल गं,” भाऊ म्हणाला.

“राँग नंबरवाला निदान हॅलो म्हणतो,” आत्या म्हणाली. पण भावाला हवी तेवढीच काळजी करायची सवय होती. त्याने विषय बदलला.

मंगळवारी न्यायाधीशांनी एका वकिलाला जरा जास्तच बोलू दिलं आणि आत्याला निघायला दहा मिनिटं उशीर झाला. फाटकाशी पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं की कार्ड टेबलाच्या खणात राहिलं. गेटमनच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“काकू, कार्ड?”

“अरे बाबा, रोज बघतोस ना मला?”

“बघतो. पण मी बघून चालत नाही, यंत्राने बघावं लागतं. तो फॉर्म भरा. नाव, मोबाइल नंबर, नातं, कारण. खाली सही.”

आत्याने मुकाट्याने पेन उचललं. ‘नातं’ या रकान्यात आत्या लिहिताना तिने सवयीने विचारलं, “खारू बसलीय ना आत बाकावर?”

“ती होय? ती गेली की. आत्ताच मामा घेऊन गेले.”

“कुणाचे मामा?”

“तिचे. मोठा सभ्य माणूस हो! मला ‘नमस्कार साहेब’ म्हणाले.” एवढं सांगताना गेटमनची मान ताठ झाली. त्याला साहेब म्हणणारा माणूस शाळेत बहुधा पहिल्यांदाच आला होता.

आत्याच्या हातातलं पेन थांबलं. वहिनीला भाऊ नव्हता. सख्खा नाही, चुलत नाही, मानलेलाही नाही. वहिनी माहेरी एकुलती एक, हे तर लग्नापासून घरातलं भांडणाचं हुकमी कारण होतं.

“अरे, तिला मामाच नाहीये!”

“असं कसं? यंत्राने टुंई केलं ना.” गेटमन शांतपणे म्हणाला. “काही तक्रार असेल तर कार्यालयात लेखी अर्ज द्या.”

“मुलगी चाललीय रे माझी!”

“म्हणूनच म्हणतो, लवकर द्या.”

आत्याने फॉर्म तसाच टाकला आणि रस्त्याकडे वळली. फाटकापासून शंभरेक पावलांवर, जिथे गाडी थांबवायला सक्त मनाई होती त्या पिवळ्या पट्ट्यात, एक राखाडी गाडी उभी होती. इंजिन चालू, आत चालक. आणि गाडीच्या दिशेने खारू चालली होती. कडक इस्त्रीच्या शर्टातल्या एका माणसाचा हात धरून. त्याने खारूचं दप्तर दोन्ही खांद्यांवर व्यवस्थित अडकवलं होतं, पाण्याची बाटली सरळ धरली होती, आणि तो खारूची बडबड मान डोलावून ऐकत होता. एवढ्या लांबूनही तो नातेवाईक नसल्याचं कळत होतं. सख्खे नातेवाईक इतकं लक्ष देत नाहीत.

ओरडावं असं आत्याच्या मनात आलं. पण बावीस वर्षं ती ओरडणाऱ्यांचेच जबाब टाइप करत होती. ‘मी खूप ओरडले, सगळ्यांनी वळून पाहिलं, कुणीही पुढे आलं नाही.’ हे वाक्य तिने इतक्या वेळा लिहिलं होतं की बोटं ते आपोआप उमटवायची. शिवाय ओरडल्यावर घाबरलेला माणूस हातातल्या पोराचं काय करतो, तेही तिने लिहिलं होतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. फाटकावर चाळीसेक पालक होते. पोर पळवलं जातंय म्हटलं तर यातले निम्मे मोबाइलमधून मान वर काढतील आणि उरलेले आपलं पोर जवळ ओढून घेतील. मग तिला अध्यक्षीणबाई दिसल्या.

अध्यक्षीणबाई पालक समितीच्या अध्यक्ष होत्या. फाटकाबाहेरच्या गाड्या हे त्यांचं साम्राज्य. अंगात चमकता पट्टा, गळ्यात शिट्टी, आणि पालकांच्या ग्रुपवर रोज सकाळी पार्किंगवरचं प्रवचन. पिवळ्या पट्ट्यात चाक टेकवणाऱ्याचा फोटो त्या दुपारच्या आत ग्रुपवर टांगत. आत्ता त्या दुसऱ्या टोकाला एका स्कूटरवाल्या बापाला फैलावर घेत होत्या, म्हणून राखाडी गाडी त्यांच्या नजरेतून सुटली होती.

आत्या त्यांच्या कानाशी गेली. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हणाली, “ताई, तुम्हाला सांगू की नको कळत नाही. तो राखाडी गाडीवाला आहे ना, पट्ट्यात उभा... मी त्याला म्हटलं, आमच्या अध्यक्षांना चालत नाही. तर म्हणाला, असल्या शिट्टीवाल्या बायका खूप पाहिल्यात.”

अध्यक्षीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“काय म्हणाला?”

“शिट्टीवाल्या बायका.”

त्यानंतर जी शिट्टी वाजली ती कोर्टापर्यंत ऐकू गेली असावी. अध्यक्षीणबाई तीरासारख्या सुटल्या, आपल्या डोंगराएवढ्या गाडीत चढल्या आणि ती त्यांनी राखाडी गाडीच्या नाकासमोर आडवी आणून लावली. मागून दोन आयांनी आपापल्या गाड्या भिडवल्या. स्कूटरवाला बाप, सुटका झाल्याच्या आनंदात, सर्वांत मोठ्याने ओरडू लागला. मिनिटभरात गाडीभोवती कडं झालं आणि वीस मोबाइल वर झाले. कुणी नंबरप्लेटचा फोटो घेतला, कुणी चालकाच्या तोंडाचा. एका चिमुरडीचं अपहरण व्हायला इतका वेळ कुणाची हरकत नव्हती. पण पिवळा पट्टा म्हणजे तत्त्वाचा प्रश्न होता.

इस्त्रीवाला मामा या कड्याच्या बाहेरच अडकला. खारूचा हात त्याच्या हातात होता. आत्या हळूच त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“खारू, तुझा डबा वर्गात राहिलाय. चल, घेऊन येऊ.”

“मी आणतो ना, आत्या,” मामा गोड हसून म्हणाला.

तिने अजून आपण कोण ते सांगितलंही नव्हतं.

“तुम्ही कुठले मामा? हिच्या आईला भाऊ नाही.”

मामाचं हसू जागचं हललं नाही. फक्त आवाज खाली आला. “तुमच्या भावाला निरोप द्या. पोरगी गोड आहे. गुरुवारी त्याचा घसा बसला, तर घरात सगळे सुखरूप राहतील.”

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण अशा वेळी काय करायचं हे तिच्या हातांना माहीत होतं. तिने पर्समधून लघुलिपीची वही काढली, पेन्सिल ओठांवर टेकवली आणि म्हणाली, “जरा सावकाश. गुरुवारी घसा बसला, तर... पुढे काय म्हणालात?”

मामा तिच्याकडे बघतच राहिला. आयुष्यात त्याने बरेच लोक धमकावले असतील. कुणी रडलं असेल, कुणी पाया पडलं असेल. उतरवून घेणारं कुणी भेटलं नसावं.

“घरात सगळे सुखरूप राहतील,” आत्या वाचत म्हणाली. “बरोबर? वेळ एक वाजून चौपन्न मिनिटं. आणि हे बघा, ते मोबाइल. तुमचा चेहरा इथल्या सगळ्या घरांत पोचला एव्हाना. कारण वेगळं आहे, पण पोचलाय.”

मामाने मोबाइलांकडे पाहिलं. मग खारूचा हात सोडला.

आत्याने तो असा पकडला की खारू “आई गं!” म्हणून किंचाळली.

मामा गर्दीतून वाट काढायला गेला आणि थेट अध्यक्षीणबाईंच्या पुढ्यात निघाला. “ही गाडी तुमची? लेखी माफी दिल्याशिवाय इथून हलायचं नाही!” त्याने “सॉरी मॅडम, सॉरी” म्हणून बघितलं. मग ढकलून बघितलं. हा डाव मात्र त्याचा हुकला. अध्यक्षीणबाईंनी त्याची कॉलर धरली आणि चौकातला वाहतूक हवालदार येईपर्यंत सोडली नाही. चालक गाडी टाकून पळाला. हवालदार पार्किंगची पावती फाडायला आला होता. आत्याने त्याच्यापुढे वही धरली, सगळं सांगितलं, तेव्हा त्याने पावतीपुस्तक मिटलं आणि ठाण्यावर फोन लावला. नंबरप्लेट खोटी निघाली. गाडीत भावाच्या घराचा पत्ता आणि वहिनीच्या दवाखान्यातल्या पाळ्यांचं वेळापत्रक होतं.

संध्याकाळी इन्स्पेक्टर शाळेत आले. त्यांनी कॅमेऱ्यांचं चित्रण मागितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कॅमेरे बसवलेत, फक्त चालू करायचे राहिलेत. मामाला कार्ड कसं मिळालं, या प्रश्नावर कारकुनाने टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाला, “फोन आला होता. फार छान बोलत होते हो.” याच कारकुनाने आत्याकडून कार्डासाठी तीन ओळखपत्रं आणि दोन फोटो घेतले होते, आणि एक फोटो परत केला होता, कान दिसत नाही म्हणून.

घरी जेवणाच्या टेबलाशी भाऊ डोकं धरून बसला होता. “मी साक्ष देत नाही. मेलेली माणसं परत येणार आहेत का?”

सकाळी विचारलं असतं तर आत्या तत्त्वाचं बोलली असती. आता तिला अजून खारूची बोटं आपल्या मुठीत जाणवत होती.

वहिनी गणवेशातच होती. तिने खारूच्या पानात वाढलं, तिला उचलून आतल्या खोलीत नेऊन बसवलं आणि परत आली.

“ती चार माणसं आणली तेव्हा मी ड्यूटीवर होते,” ती म्हणाली. “तुला मी कधी सांगितलं नाही. त्यातली एक बाई अर्धा तास जिवंत होती. लिफ्टमध्ये आपला मुलगा पण होता का, एवढंच विचारत होती. मी नाही म्हणाले. खोटं बोलले. आता तू पण खोटं बोलणार असशील तर बोल. पण मग मला घरात तोंड दाखवू नकोस.”

भावाने पान पुढे ओढलं आणि भात कालवायला घेतला.

साक्षीपर्यंत पोलिसांनी दाराशी माणूस बसवला. गुरुवारी भाऊ साक्षीला उभा राहिला. घसा बसला होता, तो मात्र भीतीने. पाणी मागून मागून त्याने तारीख, वेळ, तुटत आलेल्या दोराची जाडी, सगळं सांगितलं. नातेवाईक म्हणून आत्याला ते टाइप करू दिलं नाही. ती मागच्या बाकावर बसून दुसऱ्या टायपिस्टच्या चुका मोजत होती, म्हणजे रडू येणार नाही. मामाने तोपर्यंत ठाण्यात बिल्डरचं नाव घेतलं होतं. बिल्डरला जामीन नाकारला गेला.

इकडे शाळेने परिपत्रक काढलं : ‘आपल्या अत्याधुनिक यंत्रणेमुळे मोठा अनर्थ टळला.’ अध्यक्षीणबाईंचा सत्कार झाला. भाषणात त्या म्हणाल्या, पिवळ्या पट्ट्याचं महत्त्व आता तरी पालकांना पटलं असेल. आत्याला बोलावलंच नव्हतं. तिचा तो अर्धवट फॉर्म मात्र कार्यालयातून घरी आला, ‘कारण’ हा रकाना रिकामा आहे, कृपया भरून पाठवावा.

त्याच महिन्यात त्यांनी खारूची शाळा बदलली.

नवी शाळा लहान होती. फाटक गंजलेलं आणि त्याच्याशी स्टुलावर बसलेली एक म्हातारी बाई. पहिल्या दिवशी वहिनी मुद्दाम दुपारची सुट्टी काढून स्वतः न्यायला गेली. बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मी आई आहे तिची.”

“असाल. सकाळी सोडायला दुसरीच आली होती. तिला बोलवा.”

वहिनीने ओळखपत्र काढलं. बाईने ते उलटसुलट केलं आणि परत दिलं. “मला वाचता येत नाही,” ती म्हणाली. खारू आतून “आई, आई” म्हणून हात हलवत होती. बाई म्हणाली, पोरं काय, कुणालाही हात हलवतात.

आत्या कोर्टातून येईपर्यंत वहिनी चाळीस मिनिटं उन्हात उभी होती. आत्याला बघताच ती कडाडली, “काय बाई आहे ही! मला, सख्ख्या आईला...”

आणि तिथेच तिचा आवाज फुटला. फाटकाची सळई धरून ती रडायला लागली. आत्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. म्हातारीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मग स्टुलावरून उठून खारूला बोटाशी धरून बाहेर आणलं.

“आता ओळखलं,” ती वहिनीला म्हणाली. “उद्यापासून तुम्ही एकट्या आलात तरी देईन.”