सहाचा पहारा

काल्याचं कीर्तन असलं की मी लवकर जाऊन पुढची जागा धरते. कीर्तनासारखं सुख मला दुसऱ्या कशात नाही. यंदाचा काला माझ्या माहेरी, खर्ड्याजवळच्या आमच्या वाडीत होता. पंगत माझ्या भावाची, बजरंगची, आणि कीर्तनाला रामहरी महाराज.

"आक्का, संतपूजन तू आन् दाजींनीच करायचं," बजरंगनं आधीच बजावलं होतं.

हा रामहरी आमच्याच वाडीचा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी तो महाराज नव्हता, नुसता रामहरी होता. मला तो आवडायचा, त्याला मी. तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

त्या साली सप्ताहातच मला बघायला श्रीगोंद्याकडचे पाहुणे आले. रामहरीचा वीणेचा पहारा चार ते सहा होता. सहाला श्रीमंतदादा वीणा घेणार आणि रामहरी थेट घरी येऊन माझ्या वडिलांना विचारणार, असं आमचं ठरलेलं. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. दुसऱ्यानं गळ्यात घेतल्याशिवाय पहिल्याला हलता येत नाही.

सहा वाजले. सात वाजले. मी दाराआड उभी. साडेसातला सुपारी फुटली.

आठ दिवसांनी तो विहिरीवर भेटला. म्हणाला, "केशर, श्रीमंतदादा आलेच न्हाईत गं. देवाची वीना खाली कशी ठेवू?"

देवापुढं मी काय बोलणार? मुकाट्यानं लग्न केलं. राग धरला तो श्रीमंतदादांवर. दर सप्ताहाला ते विचारायचे, "केशर, कवा आलीस?" आणि मी तोंड फिरवून पुढं जायची. ते एकदा दुपारचे बजरंगच्या दारात आले, मी साधा पाण्याचा तांब्या दिला नाही. आणि आमचे मालक, सहादेव! ऊस भिजवून दमलेला माणूस, कीर्तनात बसला की पेंगायचा. मला वाटायचं, कुठं तो आणि कुठं हे.

परवा काल्याच्या कीर्तनात महाराज रंगात आले होते. वैराग्यावर बोलता बोलता त्यांनी टाळकऱ्यांना हातानं थांबवलं.

"याच मंडपात माझ्या गळ्यात वीणा होती. सहाला बदली आली. आला होतात ना हो, श्रीमंतदादा?" खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या श्रीमंतदादांनी मान हलवली. "मी म्हटलं, दादा, जावा तुमी. तिकडं एक पोरगी दाराआड वाट बघत होती. मायेचं जाळं टाकून बसली होती, जाळं! पांडुरंगानं मला वाचवलं!"

मंडप हसला. माझ्या शेजारी भावाची सून आरतीसुद्धा हसली. पखवाजावर थाप पडली आणि माझ्या कानात नुसता घण वाजायला लागला. जाळं? मी टाकलं होतं? बापाला विचारतो असं मला कुणी सांगितलं होतं? आणि विहिरीवर देवाच्या नावानं खोटं कोण बोललं होतं?

कीर्तन संपलं. बजरंगनं पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. हार, बुक्का, नारळ. महाराजांनी सवयीनं पाय पुढं केले. ओळखलं नसावं. डोळे अर्धे मिटलेलेच होते.

"महाराज, त्या पोरीला कळवलं का हो, येत न्हाई म्हणून?"

डोळे उघडले. "माउली, तो नुसता दृष्टांत हाय."

"दृष्टांताला सुपारी फोडत न्हाईत. न्हाई म्हनायचं हुतं तर तोंडावर म्हनायचं. तोंडाला काय वीना आडवी आली हुती?"

"आक्का!" बजरंग माझा हात धरायला लागला. महाराजांचं तोंड उतरलं. ते उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. मी ताट मालकांच्या हातात दिलं.

"अहो, हार तुमी घाला. कीर्तनाचा मान हाय, तो झालाच पायजे. माझं डोकं तिथं वाकायचं न्हाई."

चिमूटभर बुक्का घेऊन मी सरळ खांबाकडं गेले. श्रीमंतदादांच्या कपाळाला लावला आणि पायावर डोकं ठेवलं.

"दादा, माझं लई चुकलं. तुमी आलाच न्हाई, आसं धरून चालले मी."

"म्या? म्या धा मिंटं आधीच गेल्तो की!" म्हातारं गोंधळलं. "म्हून बोलत नव्हतीस व्हय? मला वाटायचं, श्रीगोंद्याला दिली, पोरगी मोठी झाली."

बोलता बोलता तेही काठी धरून माझ्या पायाकडं वाकले. वीणा देताघेताना एकमेकांच्या पाया पडायची रीत, ती त्यांच्या अंगात भिनलेली.

"अहो दादा, हे काय?"

"ऱ्हाऊ दे गं. सवय हाय."

तेवढ्यात मालक रिकामं ताट घेऊन आले. ताट खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ती पोरगी तू व्हय?"

"व्हय. सांगायला पायजे हुतं तुमाला."

"आज जागा हुतो मी," ते म्हणाले. "सगळं ऐकलं." मग श्रीमंतदादांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. "चला दादा, पंगतीला. माझ्याशेजारी बसा. केशर, दादांना तुझ्या हातानं वाढ."

मी तांब्या भरला आणि आधी दादांना पाणी दिलं.