जवळजवळ वाळलेली चादर

"काका, 'थोडी दमट' म्हणजे कशी?" पुतणीने विचारलं, तेव्हाच काकांना संशय आला. लाँड्रीतलं वाळवणीचं यंत्र ते कधीपासून चालवत होते. असलं कुणी विचारलं नव्हतं. आता मालकांनी या पोरीला कामाला लावलं होतं. काकांच्या बोलण्यातून नियम बांधायचे आणि वाफेची चावी संगणकाच्या हाती द्यायची.

"आकडे नकोत," ती म्हणाली. "बोलता तसंच सांगा. थोडी दमट, बरीच दमट, जवळजवळ वाळलेली. मधलं मी जुळवते."

आकडे नकोत म्हणे! लहानपणी हीच गोळ्यासुद्धा मोजून घ्यायची. काकांनी सगळं खरं सांगितलं, एक सोडून.

"चादर जवळजवळ वाळली की वाफ वाढवायची," ते शांतपणे म्हणाले. खरं तर तेव्हा वाफ कमी करतात, नाहीतर कापड पिवळं पडतं.

चाचणीला मालक स्वतः हजर होते. यंत्र घरघरलं. चादरी बाहेर आल्या, पांढऱ्याशुभ्र.

"वा! उद्यापासून इथे कुणी उभं राहायलाही नको," मालक म्हणाले आणि फोन घ्यायला दाराशी गेले.

काकांनी एक चादर उलटसुलट करून पाहिली. "पिवळ्या कशा नाही पडल्या?" तोंडातून निसटलंच.

पुतणी सावकाश वळली. "पडायला हव्या होत्या का, काका?"

काका हातातल्या चादरीची घडी घालू लागले.

"कापड एकाच वेळी थोडं दमट असतं नि थोडं वाळलेलंही," ती हळूच म्हणाली. "त्यामुळे सगळेच नियम आपापल्या परीने वाफ ओढतात. इथे घड्या घालताना काकूंच्या हाताला काय लागतं, ते विचारूनही मी नियम बांधले होते. तुमचा नियम एकटा पडला."

"म्हणजे घरातच फितुरी!"

मालक परतले. "काय कुजबूज चाललीय?"

पुतणीने काकांकडे पाहिलं.

"एक नियम तपासायचा राहिलाय," ती म्हणाली. "तोवर काका इथे लागतील."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"ते काकाच सांगतील."

मालक कुरकुरत निघून गेले. पोरीने वाचवलं की गळ टाकला, काकांना कळेना.

"आता खरा नियम सांगा," ती म्हणाली.

काकांनी एक गरम चादर उचलली, पालथ्या हाताने चाचपली. "जवळजवळ वाळली की..."

"की?"

"उद्या सांगतो," काका म्हणाले.