किटलीनं घेतलेली जागा

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण काल ती किटली परत दिसली आणि डोकं फिरलं.

मी एक जुना हीटर आहे. अपघात विभागात पहिल्या खाटेच्या उशाशी टांगलेला. रक्ताची पिशवी फ्रीजमधून येते, गारठलेली. तिची नळी माझ्या पोटातून जाते आणि रक्त अंगाइतकं कोमट होऊनच माणसाच्या शिरेत शिरतं. कारण खूप रक्त गेलेला माणूस आधीच गार पडत असतो. त्यात गार रक्त ओतलं की त्याचं रक्त गोठायचंच विसरतं. बांधा, दाबा, वाहतच राहतं. एवढी साधी गोष्ट आहे.

मी नवा होतो तेव्हा मोठे डॉक्टर मला थोपटून म्हणायचे, "आधी ह्याला चालू करा, मग माझ्याकडे बघा." ते निवृत्त झाले आणि माझ्या सॉकेटवर चहाची किटली आली. "दोनच मिनिटं." दोन मिनिटांची सवय झाली. पिन काढली की ओरडायची सोय आहे मला. पण तिची बॅटरी मेली, ती कोणी बदलली नाही.

परवा परांचीवरून पडलेला एक रंगारी आणला. मांडी फुटलेली. बहीण दाराशी उभी. पिशवीवर पिशवी लावली, नळी माझ्यातूनच नेली, आणि मी थंडगार. कोणी बघितलंच नाही.

"गोठत का नाहीये हे?" डॉक्टर वैतागले. "अजून दाबा."

फरशी पुसणाऱ्या मावशीचा हात त्याच्या तळव्याला लागला. "डॉक्टर, बर्फ झालाय हो हा. आणि ह्या हीटरचा दिवा बंद आहे."

सिस्टरनी मागे पाहिलं. किटलीतून वाफ निघत होती.

"कोणी लावली ही?"

चहा सगळ्यांनाच हवा होता.

मग मला लावलं, त्याच्यावर पांघरुणं घातली. रक्त हळूहळू गोठायला लागलं. पण तोवर इतका वेळ आवळून बांधलेला पाय हातचा गेला होता; कापावाच लागला. शिडीवर चढून पोट भरणारा माणूस. बहिणीला सांगितलं, "नशीब समजा, जीव वाचला."

किटलीला नशीब म्हणतात होय?

आणि काल ती परत माझ्या जागी. मावशीनं ती उपसली आणि चहाच्या खोलीत नेऊन आदळली.

"मावशी, तुमचं काम फरशी पुसायचं," सिस्टर म्हणाल्या.

"तेच करते. परवा किती पुसलं ते विचारा की."

मग इलेक्ट्रिशियनच्या मागे लागून तिनं माझी बॅटरी बदलून घेतली.

मित्रांनो, कसलीही पिन काढायच्या आधी वायरच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघत जा.

आणि मावशी, इथं माझी मैत्रीण तू एकटीच. तुला शब्द देतो. यापुढे कोणी माझी पिन काढली ना, तर असा कोकलेन की कोणाच्या घशाखाली चहा उतरणार नाही.