कोंडीबाचा ट्रंपेट

तानुबाईचा बाप कोंडीबा फौजेच्या बँडात ट्रंपेट वाजवायचा. फौजेतून सुटल्यावर गडी बोटीनं लंडनला गेला, दोन वर्षांनी परतला आणि म्हणाला, "म्या इंग्रजी शिनेमात वाजवलंय." झालं! 'लंडनची थाप' म्हणून गावानं, म्हसवडकरांनी, त्याला मरेपर्यंत पिडलं. त्यात पुढं कोण, तर सख्खा पुतण्या भाऊसो!

म्हाताऱ्या तानुबाईला आता एकच ध्यास होता. डोळे मिटायच्या आत बापाचा शब्द खरा झालेला बघायचा. बापानं सांगितलेल्या गोष्टीवरून नात मंगलनं तो सिनेमा हुडकला आणि साताऱ्यातल्या फिल्म क्लबाला लावायला लावला. तानुबाईनं जीप ठरवली, भावकी भरली आणि भाऊसोला सगळ्यांच्या आधी आत कोंबलं. "तुलाच दावायचाय, चल!"

सिनेमा काळापांढरा. जॅझ वाजवणाऱ्यांचा क्लब, तिथं पडलेला खून आणि मागावर पोलीस. बोलणं तर म्हातारीला ओ की ठो कळेना. ती आपली पटकेवाला बाप शोधत होती, आणि तिथं बघावं तो हॅटवाला! हॅटच्या सावलीत तोंडं कुठली दिसायला? सिनेमा संपत आला तसा भाऊसो पुटपुटला, "आक्का, काका न्हाई गं ह्यात. चल, च्या पिऊ." नसता हट्ट धरून आपणच बापाची पुन्हा शोभा केली, असं तानुबाईला वाटलं.

एवढ्यात खुनी टेबलाआड पिस्तूल काढायला लागला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मागं बँड सुरू व्हायच्या बेतात होता. कोपऱ्यातला एक हॅटवाला वाकला. त्यानं ट्रंपेट जमिनीला टेकवला, मग कपाळाला लावला आणि मगच ओठांवर धरला.

म्हसवडात गावदेव सिद्धनाथापुढं वाद्य असंच उचलतात. तसं केल्याबिगर कोंडीबानं जन्मात कधी फुंकर मारली नव्हती.

"आबा!" तानुबाई किंचाळली. "आवं, माझा आबा हाय त्यो!"

भाऊसो ताडकन उभा राहिला. पडद्याकडं हात जोडून त्यानं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "सिद्धनाथाच्या नावानं..."

"चांगभलं!" अख्खी भावकी गरजली. बाकीचं थेटर वळून बघायला लागलं! खुनी सापडला का सुटला, ते म्हसवडकरांना अजून ठाऊक नाही.

तानुबाईनं डोळे पुसले, ताठ मानेनं भाऊसोकडं बघितलं. "गावात आता तूच सांगायचंस."

"सांगतो की," भाऊसोनं कान पकडले, "पारावर उभा ऱ्हाऊन सांगतो."